संगीत विभाग बंद पडतो तो माहितीपुस्तिकेत

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. धुळे जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी, अनुदानित कला महाविद्यालयात, आपण ६ वर्षांपासून तासिका तत्त्वावर संगीत शिकवत आहात. विभागातील एकमेव पूर्णवेळ पद सेवानिवृत्तीमुळे रिकामे झाले आहे, प्रथम वर्षाला ९ विद्यार्थी आहेत, आणि येत्या जूनपासून संगीत हा विषय थांबवण्याचा संस्थेचा विचार प्राचार्यांनी आपल्याला तोंडी सांगितला आहे. माजी विद्यार्थ्यांच्या सह्या गोळा कराव्यात का, एखाद्या नामवंत गायकाचे पत्र आणावे का, असे आपण विचारले आहे. मी खानदेशातच ३१ वर्षे महाविद्यालयात गायन शिकवले, त्यातली शेवटची १८ वर्षे विभागप्रमुख म्हणून, आणि आपल्यावर आज आलेली वेळ आमच्या विभागावर एकदा येऊन गेली आहे. म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

सह्या आणि पत्र यांचा उपयोग आहे, पण तो शेवटी. आम्ही सुरुवात तिथूनच केली आणि एक पूर्ण महिना गमावला. शहरातील कलावंत मंडळींना घेऊन आम्ही संस्थेच्या अध्यक्षांकडे गेलो, संगीताने माणूस कसा घडतो हे कळकळीने सांगितले, आणि अध्यक्षांनीही ते मनापासून ऐकून घेतले. त्यानंतर त्यांनी कार्यालयातून कार्यभाराचा तक्ता मागवून आमच्यासमोर ठेवला. त्या तक्त्यात आमच्या विषयापुढे आठवड्याच्या इतक्या कमी तासिका होत्या की आमच्यापैकी कोणालाही पुढे बोलता आले नाही. संस्थाचालक संगीताचे वैरी नव्हते; शासनाच्या उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयापुढे मांडता येईल असा आकडा त्यांच्या हाती नव्हता, आणि तो आकडा तयार करणे हे आमचेच काम होते.

सर्वांत आधी हे लक्षात घ्यावे की संगीत विभाग बहुधा आदेश काढून बंद केला जात नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार संलग्न महाविद्यालय शासनाच्या पूर्वपरवानगीवाचून बंद करता येत नाही, त्यामुळे महाविद्यालय बंद करणे ही मोठी, कागदोपत्री आणि सर्वांच्या डोळ्यांसमोर घडणारी गोष्ट असते. एखादा ऐच्छिक विषय मात्र फार शांतपणे जातो. मे महिन्यात नव्या वर्षाची माहितीपुस्तिका छापायला जाते, त्यातील विषयांच्या गटांतून संगीत वगळले जाते, जूनमध्ये प्रवेशाच्या खिडकीवर ‘यंदा संगीत नाही’ असे सांगितले जाते, आणि द्वितीय व तृतीय वर्षाची मुले तेवढी शिकून बाहेर पडतात. तीन वर्षांनी विभागात एकही विद्यार्थी नसतो, आणि मग विद्यार्थीच नाहीत म्हणून पद भरण्याचा प्रस्ताव पाठवायलाही कोणी तयार होत नाही. या सगळ्या प्रवासात ज्याला आव्हान देता येईल असा कागद कुठेच तयार झालेला नसतो. त्यामुळे आपली पहिली लढाई माहितीपुस्तिकेच्या त्या एका ओळीची आहे, आणि ती मे महिना उजाडण्याच्या आत लढली पाहिजे.

यासाठी तोंडी बोलणे थांबवून लेखी बोलणे सुरू करा. प्राचार्यांना नम्र भाषेत पत्र द्या: संगीत विषय प्रथम वर्षासाठी थांबवण्याचा विचार असल्याचे समजले, तो विचार महाविद्यालय विकास समितीसमोर ठेवला गेला आहे का, ठेवला असल्यास त्या बैठकीचे इतिवृत्त मिळावे, आणि नसल्यास पुढील बैठकीत विभागाला आपली बाजू मांडू द्यावी. ही समिती अधिनियमाच्या कलम ९७ खाली येते, वर्षातून किमान चार वेळा तिची बैठक व्हावी लागते, आणि तिच्यावर शिक्षकांचे निवडून आलेले प्रतिनिधी असतात. आपण तासिका तत्त्वावर असल्याने पत्रावर आपल्या एकट्याची सही पुरणार नाही आणि ती आपल्यासाठी सुरक्षितही नाही. मराठीचे, इतिहासाचे, ग्रंथालयाचे असे दोन-तीन कायम सहकारी सोबत घ्या. आमच्या वेळी भूगोलाच्या एका सरांनी समितीत विषय काढला, आणि माझ्या दहा भाषणांनी झाले नसते ते त्यांच्या एका प्रश्नाने झाले. ‘या विषयाला प्रवेश का कमी झाले याची चौकशी कोणी केली आहे का?’ एवढेच त्यांनी विचारले होते.

आता आकड्यांकडे येतो. नवे शैक्षणिक धोरण राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाले, आणि अनेक संगीत शिक्षकांना ते आपल्या विषयावरचे संकट वाटते, कारण मुख्य विषय म्हणून संगीत घेणारे विद्यार्थी मुळातच थोडे असतात. मला मात्र त्यात आपल्या विभागासाठी गेल्या कित्येक वर्षांत उघडलेले सर्वांत मोठे दार दिसते. पूर्वी संगीत फक्त कला शाखेच्या विद्यार्थ्याला आणि तेही ठरावीक गटातच घेता येई. आता खुला ऐच्छिक विषय म्हणून वाणिज्य आणि विज्ञानाची मुलेही ते घेऊ शकतात, आणि सह-अभ्यासक्रमासाठी पहिल्या दोन वर्षांत मिळून जे ८ श्रेयांक (क्रेडिट) ठेवले आहेत त्यांत राष्ट्रीय सेवा योजना, छात्रसेना, क्रीडा, योग यांच्या बरोबरीने प्रयोगजीवी कलांनाही जागा आहे.

याचे गणित करून पाहा. प्रात्यक्षिकाचा १ श्रेयांक म्हणजे सत्रभरात ३० तास, म्हणजे १५ आठवड्यांच्या सत्रात आठवड्याला २ तास. २ श्रेयांकांचा प्रात्यक्षिक अभ्यासक्रम म्हणजे एका तुकडीमागे आठवड्याला ४ तास, आणि दोन तुकड्या झाल्या तर ८ तास. पूर्णवेळ सहायक प्राध्यापकाचा प्रत्यक्ष अध्यापनाचा कार्यभार आठवड्याला १६ तासांचा धरला जातो; म्हणजे मुख्य विषयाच्या ९ विद्यार्थ्यांना हातही न लावता अर्ध्या पदाइतक्या तासिका केवळ इतर शाखांच्या मुलांतून उभ्या राहू शकतात. यातल्या कोणत्या तासिका मान्य पदासाठी हिशेबात धरल्या जातील आणि एका तुकडीत किती विद्यार्थी बसवता येतील, ही दोन्ही उत्तरे प्राचार्यांच्या मार्फत विद्यापीठ आणि जळगावच्या उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयाकडून लेखी मागवा. तोंडी मिळालेले उत्तर पुढच्या बदलीबरोबर निघून जाते, हे मी दोनदा अनुभवले आहे.

अभ्यासक्रमाचे नाव साधे ठेवा. ‘हिंदुस्थानी संगीताची मूलतत्त्वे’ असे नाव पाहून वाणिज्याचा विद्यार्थी पुढच्या रकान्याकडे वळतो. ‘हार्मोनियम वादन : प्राथमिक’ किंवा ‘तबला आणि ढोलकी : प्राथमिक’ हे वाचून तो थांबतो.

वेळापत्रकाचा मुद्दा लहान वाटेल, पण आमचा विभाग कशामुळे आजारी पडला याचे उत्तर शेवटी तिथे सापडले. आमची प्रात्यक्षिके दुपारी साडेतीननंतर होती, कारण हार्मोनियम-तबल्याच्या आवाजाचा इतर वर्गांना त्रास होतो असे फार वर्षांपूर्वी कोणीतरी ठरवले होते. आमच्या विभागात मुलींची संख्या नेहमीच जास्त. त्यातल्या बहुतेक जणी आजूबाजूच्या खेड्यांतून एसटीने येत, आणि त्यांच्या गावाकडे परतणारी सोयीची गाडी अडीच वाजता सुटे. म्हणजे संगीत घेणाऱ्या मुलीला संध्याकाळच्या गाडीपर्यंत थांबावे लागे, आणि तेवढ्या एका कारणाने घरचे लोक विषय बदलायला लावत. आम्ही विद्यार्थ्यांची आवड कमी झाली असे समजत होतो, आणि मुली तर प्रवेशाच्या दिवशी वर्गाच्या दारापर्यंत येऊन वेळापत्रक वाचून परत जात होत्या. प्रात्यक्षिके ११ ते १ मध्ये आणली आणि खोली इमारतीच्या टोकाला, जुन्या भांडाराच्या जागी घेतली, तेव्हा पुढच्याच जूनमध्ये प्रवेश दुपटीहून अधिक झाले. तेव्हा आपल्या ९ विद्यार्थ्यांना, आणि ज्यांनी पहिल्या महिन्यात विषय सोडला त्यांनाही, समोर बसवून विचारा की कोण कोणत्या गावाहून येतो, कोणत्या गाडीने जातो, आणि संगीताच्या तासाला दुसऱ्या कोणत्या विषयाचा तास आडवा येतो.

याहून खोल प्रश्न असा आहे की आपल्या भागातील कोणती मुले संगीत विभागाची पायरी चढतात आणि कोणती चढत नाहीत. सेवेच्या सुरुवातीच्या वर्षांत मी प्रवेशापूर्वी छोटी चाचणी घेत असे. आरोह-अवरोह म्हणून दाखवा, एखादा अलंकार म्हणा, अशी. ज्यांच्या घरी पेटी होती आणि ज्यांनी लहानपणी शिकवणी लावली होती ती मुले उत्तीर्ण होत, आणि बाकीच्यांना मी दुसरा विषय सुचवी. एका वर्षी एक मुलगा आला, त्याच्या वडिलांचे बँड पथक होते. त्याला सरगम म्हणजे काय हे ठाऊक नव्हते, म्हणून मी त्याला परत पाठवले. पुढे एका लग्नाच्या मिरवणुकीत मी त्याला ट्रंपेटवर एक अवघड चाल, तिच्यातल्या सगळ्या हरकतींसह, स्वच्छ वाजवताना ऐकले. ती चाल त्याने केवळ कानाने उचलली होती. त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण माझ्याकडे असे किती जण येऊन गेले असतील याचा हिशेब मी करत होतो. ती चाचणी मी त्यानंतर कायमची बंद केली.

खानदेशात गाणारी मुले कमी नाहीत. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई ही आपली खानदेशी देवी घरोघर बसते तेव्हा रात्रभर अहिराणी गाणी म्हणणाऱ्या बायकांच्या मांडीशी ज्या मुली बसलेल्या असतात, त्यांना शेकडो ओळी चालीसकट पाठ असतात. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकी झोक्यावर जी गाणी म्हणतात त्यांत एकीने सूर धरायचा आणि बाकीच्यांनी तो झेलायचा, ही शिस्त कोणत्याही वर्गात न शिकता आलेली असते. मुक्ताईच्या वारीला जाणाऱ्या गावांतल्या भजनी मंडळांत पखवाज आणि टाळ यांवर वाढलेली मुले लयीला इतकी पक्की असतात की त्यांना तीनताल शिकवताना फक्त बोलांची नावे सांगावी लागतात. वहीगायन या लोकगायनाची मंडळे आहेत, जवळजवळ प्रत्येक मोठ्या गावात बँड पथक आहे, आणि आपल्या तालुक्यातून नंदुरबारच्या बाजूला गेलात तर ढोल आणि पावरी वाजवणारी मुले आहेत. यांतल्या कोणालाही आपल्याला ‘संगीत येते’ असे वाटत नाही, कारण शाळेत किंवा महाविद्यालयात तसे त्यांना कोणी कधी म्हटलेलेच नाही. आपल्याला प्रथम वर्षाचे २० विद्यार्थी हवे असतील तर ते या घरांतून येतील.

ती मुले आल्यावर त्यांना टिकवायचे कसे, याचा एक उपाय आम्हाला लाभला. पहिल्या दोन आठवड्यांत आम्ही यमन किंवा भूप हे राग उघडतच नसू. प्रत्येकाने घरातले एक गाणे आणायचे, आजीचे, मामाचे, भजनी मंडळातले, कोणतेही. ते वर्गात म्हणायचे, आणि सर्वांनी मिळून ते भातखंडे पद्धतीने लिहायचे. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकाला खाली टिंब आणि तार सप्तकाला वर टिंब, ही चिन्हे पाठ करून घेण्याऐवजी आजीचे गाणे कागदावर नीट उतरत नाही या अडचणीतून मुलांना शिकायला मिळत. आपले गाणे चार-पाच स्वरांतच फिरते आहे हे त्यांना स्वतः दिसे, आणि मग भूपाचे पाच स्वर फळ्यावर आले की ते परके वाटत नसत. यात एक सावधगिरी मात्र बाळगावी. लोकगीताला ओढूनताणून रागाचे नाव देऊ नये. ‘ही कानबाईची चाल म्हणजे अमुक राग’ असे म्हणणे त्या चालीवरही अन्याय आहे आणि रागावरही.

अशा लेखनाच्या वह्या जपून ठेवा. पाच वर्षांत आपल्या विभागाकडे तालुक्यातील गाण्यांचा असा संग्रह होईल की मराठी विभागालाही तो संशोधनासाठी मागावा लागेल, आणि मूल्यांकनाला समिती येईल तेव्हा महाविद्यालयाला अभिमानाने दाखवता येईल असे काहीतरी संगीत विभागातून निघेल.

दुसरा झरा शाळांचा आहे. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा आपल्या मुलांनी द्याव्यात, एवढ्यावर न थांबता आपले महाविद्यालयच परीक्षेचे केंद्र व्हावे यासाठी प्रयत्न करा. पं. विष्णू दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि १९३१ मध्ये त्यांच्या निधनानंतर शिष्यांनी हे मंडळ उभे केले; गुरूच्या घराबाहेर, सामान्य घरातल्या मुलामुलींपर्यंत गाणे नेण्याची जी व्यवस्था त्यातून तयार झाली ती तालुक्याच्या गावांना आजही सर्वांत अधिक उपयोगी आहे. प्रारंभिकपासून विशारदपर्यंतच्या पायऱ्या पालकांना समजतात. दहावीच्या विद्यार्थ्यांना शास्त्रीय कलांच्या मान्य परीक्षांसाठी सवलतीचे गुण मिळतात, त्यामुळे आठवी-नववीची मुले आपणहून येतात. वर्षातून दोन वेळा ही मुले आणि त्यांचे आईवडील आपल्या विभागात येऊन बसले की चार वर्षांनी प्रवेशाच्या वेळी विभाग त्यांना अनोळखी राहत नाही.

पालकांचा एक प्रश्न आपल्याला नक्की ऐकावा लागेल, आणि त्याला आडवळणाने उत्तर देऊ नये: संगीत घेऊन पुढे काय? जे खरे आहे तेवढेच सांगा. केंद्रीय विद्यालयांत आणि जवाहर नवोदय विद्यालयांत संगीत शिक्षकाचे पद असते. पदव्युत्तर शिक्षणानंतर नेट आणि सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा संगीतातही देता येतात. जळगावच्या आकाशवाणी केंद्रावर ध्वनिचाचणी देऊन श्रेणी मिळवता येते. आणि स्वतःचा वर्ग चालवणे हा आजही आपल्या भागात संगीताच्या पदवीधराचा सर्वांत मोठा आधार आहे. मोठ्या गायकांची उदाहरणे देऊन मुलांना ओढू नका. आपल्याच विभागातून शिकून आज तालुक्यात वर्ग चालवणारी एखादी मुलगी प्रवेशाच्या आठवड्यात खिडकीजवळच्या टेबलावर बसवा. तिच्याशी पाच मिनिटे बोलून पालकांचे जेवढे समाधान होते तेवढे आपल्या तासाभराच्या समजावणीने होत नाही.

रिकाम्या पदाबद्दल. पद भरण्याची परवानगी मिळायला वेळ लागेल हे गृहीत धरा, पण प्रस्ताव दरवर्षी जाईल याची काळजी घ्या, कारण ज्या वर्षी प्रस्तावच गेला नाही ते वर्ष ‘गरज नव्हती’ म्हणून नोंदले जाते. पात्र उमेदवार मिळत नाहीत असे कोणी म्हणाले तर २०१८ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांकडे लक्ष वेधा: संगीतासाठी पदव्युत्तर पदवी आणि नेट या वाटेबरोबरच, पदवीधर असलेला, नामवंत गुरूकडे शिकलेला, आकाशवाणी किंवा दूरदर्शनची ‘ए’ श्रेणी मिळवलेला आणि विषय समजावून सांगण्याची क्षमता असलेला कलावंतही सहायक प्राध्यापकपदासाठी पात्र धरला जातो.

पैशांचा प्रश्न दिसतो तेवढा अवघड नाही, मात्र देणगी कशासाठी मागायची हे नीट ठरवावे. पगारासाठी देणगी मागू नये. एकदा तो पायंडा पडला की संस्था पदाचा आग्रह सोडून देते. वाद्यांसाठी मागावी. आपल्याकडचे केळीचे बागाईतदार, सराफ, डॉक्टर मंडळी मिरजेचा एक तंबोरा किंवा तबल्याची एक जोडी आनंदाने देतात, कारण ती वस्तू डोळ्यांना दिसते आणि त्यांच्या आईवडिलांच्या स्मरणार्थ देता येते. वाद्ये आली की ती सांभाळा. खानदेशातला उन्हाळा ४५ अंशांपर्यंत जातो, आणि त्या कोरड्या हवेत बंद खोलीत ताणलेल्या तारांसकट ठेवलेल्या तंबोऱ्याचा भोपळा तडकतो. आमचे दोन तंबोरे असे गेले, आणि नंतर त्याच फुटक्या तंबोऱ्यांचा उल्लेख ‘विभागाची दुरवस्था’ म्हणून बैठकीत झाला.

आता सह्या आणि पत्रे. कार्यभाराचा तक्ता, वेळापत्रकाची दुरुस्ती, खुल्या ऐच्छिक अभ्यासक्रमाचा मसुदा आणि निदान १५ इच्छुक विद्यार्थ्यांची नावे हातात आली की मग गावाला हाक द्या, कारण आता संस्थाचालकांना ‘हो’ म्हणण्यासाठी लागणारे सगळे आपण त्यांच्यापुढे ठेवलेले असेल. आपल्या भागाला गाण्याचे वेड नाही असे मात्र कोणाला म्हणू देऊ नका. नारायणराव राजहंस, म्हणजे आपले बालगंधर्व, लहानपणी जळगावात राहिले आणि गाण्याचे सुरुवातीचे धडे त्यांना तिथेच मेहबूब खाँ यांच्याकडे मिळाले. त्यांच्या नावाचा संगीत महोत्सव जळगावात आजही भरतो आणि लोक थंडीत शाली पांघरून शेवटच्या भैरवीपर्यंत बसतात. आपल्या विद्यार्थ्यांना तिथे घेऊन जा, आणि शक्य झाल्यास संस्थेच्या एखाद्या संचालकांनाही सोबत न्या. विद्यापीठाच्या ‘युवारंग’ महोत्सवात समूहगान, सुरवाद्य, तालवाद्य, लोकसंगीत अशा स्पर्धांत आपल्या महाविद्यालयाचा संघ कोण तयार करते, हेही प्राचार्यांना आठवू द्या; विभाग गेल्यावर तो संघ बाहेरून माणूस बोलावून बसवावा लागेल.

या आठवड्यात तीन कामे करा. प्राचार्यांना द्यायचे पत्र सहकाऱ्यांच्या सह्यांसह आवक क्रमांक घेऊन दाखल करा. आपल्या ९ विद्यार्थ्यांची गावे आणि गाड्यांच्या वेळा एका कागदावर लिहून काढा. आणि माहितीपुस्तिकेचे काम यंदा कोणाकडे आहे ते कार्यालयात विचारून, छपाईपूर्वीची प्रत विभागाला दाखवावी अशी लेखी विनंती करा. खुल्या ऐच्छिक अभ्यासक्रमाचा मसुदा मला पाठवलात तर मी तो ओळ न् ओळ वाचून देईन. आणि उन्हाळी सुटीसाठी खोलीला कुलूप लावण्याआधी तंबोऱ्यांच्या तारा सैल करून ठेवा.